वाऱ्याचा सहकारी : अलेक्झांडर कॉल्डर

मूर्ती ही अचल असते, अशी मनुष्याची फार प्राचीन काळापासूनची समजूत आहे. मूर्तिकाराने छिन्नी खाली ठेवली, की त्याचे काम संपले. मग ऊन येवो, पाऊस येवो, शतके लोटोत. मूर्तीचा उचललेला हात तसाच उचललेला आणि टाकलेले पाऊल तसेच टाकलेले राहावयाचे. वारा तिला वळसा घालून निघून जातो. फार झाले तर शेकडो वर्षे घासून घासून तिचे नाकडोळे पुसट करतो. वारा हा मूर्तीचा शत्रूच म्हणावयाचा! परंतु विसाव्या शतकात एक असे शिल्पकार होऊन गेले, की ज्यांनी या शत्रूलाच आपला सहकारी केले. त्यांची शिल्पे झुळूक आली की डोलत, वारा पडला की स्तब्ध होत आणि क्षणोक्षणी नवे रूप धारण करीत. या शिल्पकारांचे नाव अलेक्झांडर कॉल्डर.

अलेक्झांडरचा जन्म १८९८ साली अमेरिकेतील पेनसिल्व्हानिया राज्यात लॉन्टन या गावी झाला. त्याच्या घराण्यात शिल्पकला पिढीजात होती. आजोबा मूळचे स्कॉटलंडचे. ते फिलाडेल्फिया शहरात येऊन स्थायिक झाले आणि तेथील नगरभवनासाठी शिल्पे घडविण्यात त्यांनी आयुष्याची अनेक वर्षे वेचली. त्या भवनाच्या शिखरावर वसाहतीचा संस्थापक विल्यम पेन याचा जो ३७ फूट उंचीचा पुतळा उभा आहे, तो त्यांनीच घडविलेला. वडीलही नामांकित शिल्पकार होते आणि आई चित्रकार होती. माती, रंग, ओतीव काम यांच्या सान्निध्यात अलेक्झांडर आणि त्याची थोरली बहीण अशी दोघे भावंडे वाढली.

वडिलांना क्षयाची बाधा झाल्यामुळे कोरड्या हवेसाठी या कुटुंबाला घर सोडून दूर पश्चिमेकडे जावे लागले. कॅलिफोर्नियातील पॅसाडीना येथील घराचे तळघर आईवडिलांनी मुलाच्या स्वाधीन केले. तेच त्याचे पहिले शिल्पगृह. रस्त्यावर पडलेल्या तांब्याच्या तारांचे तुकडे वेचून आणावेत आणि बहिणीच्या बाहुल्यांसाठी त्यांचे दागिने घडवावेत, हा त्याचा आवडता उद्योग. १९०९ सालच्या नाताळात त्याने आईवडिलांना एक कुत्रा आणि एक बदक भेट दिले. पितळेचा सपाट पत्रा कापून आणि वाकवून ते तयार केले होते. बदकाची गंमत अशी, की त्याला बोटाने हलकेच टोचले की ते पाण्यावर तरंगत असल्याप्रमाणे मागे-पुढे डुलू लागे. त्या वेळी अलेक्झांडर अवघा अकरा वर्षांचा होता. पुढे साठ वर्षांनी मोठमोठ्या शहरांच्या चौकांत जे प्रचंड वृक्ष उभे राहावयाचे होते, त्यांचे बीज त्या चिमुकल्या बदकात होते.

तथापि कलावंताच्या जीवनात अर्थप्राप्तीची केवढी अनिश्चितता असते, हे आईवडिलांनी स्वतः अनुभवले होते. मुलाने त्याच वाटेने जावे अशी त्यांची इच्छा नव्हती. यंत्रांची आवड असल्यामुळे अलेक्झांडरने न्यू जर्सी राज्यातील स्टीव्हन्स तंत्रविद्यालयात प्रवेश घेतला आणि १९१९ साली यंत्र-अभियांत्रिकीची पदवी मिळविली. गणितात आणि भूमितीत त्याची बुद्धी उत्तम चाले. परंतु नोकरीत मात्र मन रमेना. एक काम धरावे, काही महिने करावे आणि सोडावे, असा क्रम तीन वर्षे चालला.

१९२२ साली तो न्यूयॉर्कहून पनामा कालव्यामार्गे सॅन फ्रान्सिस्कोला जाणाऱ्या एका प्रवासी जहाजावर बॉयलरखान्यात कामाला लागला. रात्री तो डेकवर दोरखंडांच्या वेटोळ्यावर झोपे. जहाज ग्वाटेमालाच्या किनाऱ्याजवळून जात असताना एके दिवशी पहाटे त्याला जाग आली. समुद्र शांत होता. एका बाजूला लालभडक सूर्याचे बिंब वर येत होते आणि नेमके त्याच वेळी दुसऱ्या बाजूला रुपयाच्या नाण्यासारखा चंद्र मावळतीवर टेकला होता. मध्ये एकटे जहाज! आकाशाच्या विशाल पोकळीत हे दोन गोल एकमेकांचा तोल सांभाळून फिरत आहेत, असा भास त्या तरुणाला झाला. ते दृश्य त्याच्या अंतःकरणावर कायमचे कोरले गेले. विश्वात काहीच स्थिर नाही, सर्व काही फिरते आहे, आणि तरीही त्यात एक समतोल आहे, हा विचार पुढे त्याच्या साऱ्या कलेचा पाया ठरला.

पुढच्याच वर्षी कॉल्डर यांनी अभियंत्याचा पेशा सोडला आणि न्यूयॉर्कमधील चित्रकलेच्या विद्यालयात नाव घातले. उदरनिर्वाहासाठी ते एका साप्ताहिकाकरिता रेखाचित्रे काढीत. त्या निमित्ताने १९२५ साली त्यांनी दोन आठवडे सर्कशीचे खेळ पाहिले. झोक्यावरून झेपावणारे कसरतपटू, तारेवरून चालणारी मुलगी, त्यांच्या भोवतीची ती अधांतरी पोकळी आणि प्रत्येक क्षणी सांभाळला जाणारा तोल यांनी त्यांना मोहिनी घातली. १९२६ साली ते पॅरिसला गेले. तेथे तार, चिंध्या, बुचे आणि लाकडाचे तुकडे यांपासून त्यांनी स्वतःची एक चिमुकली सर्कस तयार केली. पाच पेट्यांत मावणारी ही सर्कस ते घरोघरी नेत, जमिनीवर मांडीत आणि गुडघ्यांवर बसून सारी पात्रे स्वतः हलवीत. खेळ पाहण्यासाठी पॅरिसमधील मोठमोठे कलावंत जमू लागले. कित्येकदा या खेळाच्या उत्पन्नावरच त्यांच्या खोलीचे भाडे भागत असे.

१९३० सालच्या ऑक्टोबर महिन्यात कॉल्डर हे पीट मोंद्रियान नावाच्या डच चित्रकाराच्या चित्रशाळेत गेले. पांढऱ्या शुभ्र भिंतीवर लाल, निळे, पिवळे असे पुठ्ठ्याचे चौकोन टाचून ठेवलेले होते. ते पाहताच कॉल्डर यांच्या मनात आले, की हे चौकोन हलू लागले तर किती बहार होईल! त्यांनी ती कल्पना बोलून दाखविली. मोंद्रियान यांना मात्र ती मुळीच पटली नाही. आपली चित्रे आहेत तशीच पुरेशी वेगवान आहेत, असे त्यांचे मत होते. कॉल्डर घरी परतले ते ही कल्पना मनात घेऊनच. मनुष्याची किंवा प्राण्याची आकृती न घडविता केवळ गोल, रेषा आणि रंग यांचेच शिल्प करावे, आणि ते हलते करावे, असा त्यांनी निश्चय केला.

प्रारंभी त्यांनी आपल्या शिल्पांना लहान लहान विद्युत्‌यंत्रे आणि हाताने फिरविण्याचे दांडे जोडले. १९३१ साली मार्सेल द्युशाँ या फ्रेंच कलावंताने अशा हलत्या शिल्पांना मोबाईल हे नाव दिले. आज खिशातल्या दूरध्वनीमुळे हा शब्द लहानमोठ्यांच्या तोंडी बसला आहे. परंतु त्याचा मूळ अर्थ हलणारे एवढाच आहे. पुढच्या वर्षी आर्प नावाच्या दुसऱ्या शिल्पकाराने कॉल्डर यांच्या न हलणाऱ्या शिल्पांना स्टेबाईल, म्हणजे स्थिर शिल्प, असे नाव सुचविले. ही दोन्ही नावे कायम झाली.

नाव मिळाले, कौतुकही झाले. पण कॉल्डर यांचे समाधान होईना. यंत्रावर चालणारे शिल्प ठरावीक फेरा पूर्ण करून पुन्हा तोच फेरा घेई. दोन-चार वेळा पाहिले, की त्यात नावीन्य उरत नसे. झाडाचे पान मात्र आयुष्यभर पाहिले तरी एकदा हलले तसे पुन्हा हलत नाही. आपल्या कलाकृतीची प्रत्येक हालचाल आपल्या मुठीत ठेवावयाची, की ती सोडून द्यावयाची, असा हा प्रश्न होता. स्वतः अभियंता असलेल्या या शिल्पकाराने १९३२ च्या सुमारास यंत्रे बाजूला सारण्यास सुरुवात केली आणि तारेला टांगलेले पत्रे वाऱ्याच्या स्वाधीन केले. त्यांनी केवळ तोल साधावयाचा. गती द्यावयाची ती वाऱ्याने.

हा तोल साधणे दिसते तितके सोपे नव्हते. तराजूच्या दांडीला मध्यभागी धरले तर दोन्ही पारड्यांत सारखेच वजन लागते. परंतु दांडी एका बाजूला अधिक लांब ठेवली, तर लांब टोकाचे हलके वजन जवळच्या जड वजनाला तोलून धरते. एका टोकाला १ भार ६ अंगुळांवर असेल, तर दुसऱ्या बाजूला ३ भार २ अंगुळांवर त्याला पुरेसा होतो. तरफेचा हा नियम हेच त्यांचे हत्यार. ते सर्वांत लहान पत्र्यापासून आरंभ करीत. दोन लहान पत्रे तारेच्या दोन टोकांना लावून त्यांचा तोलबिंदू शोधावयाचा. तेथे कडी घालून ती जोडी दुसऱ्या तारेच्या टोकाला अडकवावयाची. तिच्या दुसऱ्या टोकाला थोडा मोठा पत्रा. पुन्हा तोलबिंदू, पुन्हा कडी. अशा रीतीने खालून वर चढत गेले, की अखेर सारा डोलारा एकाच कडीवर अधांतरी राही. पाळण्यावर टांगलेल्या पाखरांप्रमाणे मग त्यातील प्रत्येक पान स्वतंत्रपणे फिरे आणि तरीही कोणी कोणाला आपटत नसे.

१९३१ साली कॉल्डर यांचा लुईझा जेम्स यांच्याशी विवाह झाला होता. १९३३ साली या दांपत्याने कनेक्टिकट राज्यातील रॉक्सबरी येथे एक जुने शेतघर विकत घेतले. तेथील मोकळ्या रानात कॉल्डर यांनी आपली शिल्पे प्रथमच घराबाहेर उभी केली. तेव्हा वाऱ्याचा दुसरा स्वभावही त्यांना कळला. घरातील झुळकेने हलणारी नाजूक तार रानातील सोसाट्याच्या वाऱ्यात वाकून जाई. उघड्यावर टिकणारे शिल्प हवे, तर ते मंद वाऱ्याने हलले पाहिजे आणि वादळातही अभंग राहिले पाहिजे, हे ते शिकले.

वाऱ्याप्रमाणेच गुरुत्वाकर्षणालाही त्यांनी कामाला लावले. १९३७ साली पॅरिस येथे जागतिक प्रदर्शन भरले होते. स्पेनमध्ये त्या वेळी यादवी युद्ध पेटलेले होते आणि पाऱ्याच्या खाणींसाठी प्रसिद्ध असलेले तेथील आल्मादेन हे गाव संकटात होते. स्पेनच्या दालनासाठी कॉल्डर यांनी पाण्याऐवजी पाऱ्याचे कारंजे तयार केले. पारा हा पाण्याच्या तेरापटींहून अधिक जड. डांबराचा लेप दिलेल्या लोखंडी पत्र्यांवरून तो चकाकत ओघळे आणि त्याच्या आघाताने तारेचे एक शिल्प डोलू लागे. पाऱ्याची वाफ विषारी असते. म्हणून बार्सिलोना येथील संग्रहालयात हे कारंजे आता काचेच्या आड ठेवलेले आहे.

हळूहळू कॉल्डर यांची कीर्ती देशोदेशी पसरली. १९५२ साली व्हेनिस येथील प्रदर्शनात त्यांना शिल्पकलेचे सर्वोच्च पारितोषिक मिळाले. १९५३ साली व्हेनेझुएलाच्या राजधानीत, काराकास येथील विद्यापीठाच्या सभागृहासाठी, त्यांनी छताखाली रंगीत मेघांसारखे प्रचंड फलक टांगले. ध्वनी म्हणजे तरी हवेतील लाटाच! त्या लाटा योग्य दिशेने परतवून वक्त्याचा आणि वाद्यांचा आवाज सर्वांना स्पष्ट ऐकू यावा, हेही काम हे मेघ करतात. १९५५ च्या प्रारंभी, सध्या गुजरातेत आणि त्या काळी मुंबई राज्यात असलेल्या अहमदाबाद शहरी, साराभाई कुटुंबाच्या निमंत्रणावरून ते पत्नीसह आले. भारत पाहावयास मिळावा आणि त्याच्या मोबदल्यात आपण शिल्पे करून द्यावीत, असा हा आनंदाचा करार होता. साराभाईंच्या वृक्षराजीत राहून त्यांनी अनेक शिल्पे घडविली.

यापुढील वीस वर्षांत त्यांची शिल्पे शहरांच्या चौकांत येऊन उभी राहिली. अशा कामासाठी ते प्रथम पत्रा कापून हाताएवढी प्रतिकृती करीत. मग फ्रान्समधील तूर शहराच्या लोखंडी कारखान्यात कारागीर तिची अनेक पट मोठी आवृत्ती करीत. ती तयार होत असताना कॉल्डर स्वतः कारखान्यात जात, कोठे पत्रा थरथरेल हे पाहत आणि तेथे आधाराच्या पोलादी फासळ्या बसवावयास सांगत. नंतर सारे शिल्प सुटे करून जहाजाने पाठवावयाचे आणि जागेवर पुन्हा बोल्टांनी जोडावयाचे. १९५८ साली पॅरिस येथील युनेस्कोच्या प्रांगणात त्यांचे वाऱ्यावर फिरणारे उंच शिल्प उभे राहिले. १९६२ साली इटलीतील स्पोलेतो येथे त्यांनी एवढे विशाल स्थिर शिल्प उभारले, की त्याच्या पायांमधून मोटारी ये-जा करू लागल्या.

परंतु नवी गोष्ट लोकांच्या पचनी सहज पडत नाही. अमेरिकेतील मिशिगन राज्यात ग्रँड रॅपिड्स नावाचे शहर आहे. तेथील नदीच्या खळाळत्या प्रवाहावरून त्याला हे नाव पडले. पण बंधारे घातल्यामुळे तो खळाळ केव्हाच नाहीसा झाला होता. १९६९ साली या शहराच्या मध्यवर्ती चौकात कॉल्डर यांचे ४३ फूट उंच, ५४ फूट लांब आणि ४२ टन वजनाचे तांबडेलाल शिल्प बसविण्यात आले. त्याचे नाव महावेग अशा अर्थाचे होते. सरकारने आपल्या सार्वजनिक कलायोजनेतून खर्चाचा वाटा उचललेले देशातील हे पहिले शिल्प. पुष्कळ नागरिकांना ते रुचले नाही. हे नेमके कशाचे शिल्प आहे, सार्वजनिक पैसा अशा लोखंडावर का घालवावा, असे आक्षेप घेण्यात आले. कॉल्डर वादात शिरले नाहीत. मुले त्या लाल कमानींखालून धावू लागली. लोक तेथे जमू लागले. त्या वळणांत त्यांना आपल्या नदीच्या हरवलेल्या लाटा दिसू लागल्या. काही वर्षांतच त्या शिल्पाची आकृती नगरपालिकेचे बोधचिन्ह झाली आणि तिच्या कागदांवर, एवढेच नव्हे तर कचऱ्याच्या गाड्यांवरही झळकू लागली. ज्याला लोकांनी परके मानले होते, तेच त्यांच्या गावाची ओळख ठरले.

१९७४ साली शिकागो शहरात काळ्या पोलादी इमारतींच्या सरळ रेषांमध्ये त्यांचे ५३ फूट उंचीचे लाल शिल्प उभे राहिले. रोहित पक्ष्यावरून त्याला फ्लेमिंगो हे नाव दिलेले आहे. हे शिल्प जागचे हलत नाही. परंतु त्याच्या कमानींखालून चालत गेले, की पावलागणिक त्याचा आकार बदलतो. येथे वाऱ्याचे काम चालणाऱ्या माणसाकडे सोपविलेले आहे. अनावरणाच्या दिवशी शहरातून सर्कशीची मिरवणूक निघाली आणि शहात्तर वर्षांचे कॉल्डर घोड्यांनी ओढलेल्या सजविलेल्या गाडीत बसून तीत सामील झाले. तारेच्या सर्कशीत रमणारा तरुण त्यांच्यात अजूनही जिवंत होता.

११ नोव्हेंबर १९७६ रोजी न्यूयॉर्क येथे हृदयविकाराच्या झटक्याने कॉल्डर यांचे निधन झाले. त्यांच्या जीवनकार्याचे मोठे प्रदर्शन त्याच शहरात नुकतेच सुरू झाले होते. वॉशिंग्टन येथील राष्ट्रीय कलासंग्रहालयासाठी त्यांनी योजलेले प्रचंड मोबाईल पुढील वर्षी टांगण्यात आले. पोलादाऐवजी हलक्या अॅल्युमिनियमचा उपयोग केल्यामुळे त्याचे वजन अवघे ९२० पौंड भरले. दालनातील हवेच्या मंद प्रवाहाने त्याचे पंख आजही फिरतात.

फिलाडेल्फिया शहरात एक लांब राजमार्ग आहे. त्याच्या एका टोकाला नगरभवनाच्या शिखरावर आजोबांनी घडविलेला पेनचा अचल पुतळा आहे. वाटेत वडिलांचे कारंजे लागते. शहराच्या तीन नद्या तेथे मनुष्यरूपाने पहुडल्या आहेत आणि त्यांच्यावर पाण्याचे फवारे उडत आहेत. दुसऱ्या टोकाच्या कलासंग्रहालयात, भव्य जिन्यावर, नातवाचे पांढरे मोबाईल टांगलेले आहे. एका घराण्याच्या तीन पिढ्यांत शिल्पकलेने केवढी मजल मारली, हे त्या एका रस्त्यावर दिसते. आजोबांनी धातूला मनुष्याचे रूप दिले, वडिलांनी त्या रूपाला पाण्याची संगत दिली, आणि नातवाने रूपाचाही मोह सोडून धातूला वाऱ्याच्या हाती दिले. तोल अचूक साधावा आणि मग निसर्गावर विश्वास टाकून हात काढून घ्यावा, ही या थोर शिल्पकाराची शिकवण होय.